गॅस गिझर : स्वस्त फिटिंग जिवावर बेतते

थंडीत फज्रच्या वुजूसाठी गरम पाणी हवेच. म्हणून नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडे अनेक घरांत गॅस गिझर आला. पण बसवणारा माहितगार नसेल तर धोका मोठा आहे.

बंद न्हाणीघरात ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आत फक्त पाण्याचा पाइप न्यावा. सांध्यांची गळती साबणाच्या फेसाने तपासून घ्यावी, काडी ओढून नव्हे.

काम चुकीचे झाले असेल तर सिलिंडर बंद करा, गिझर वापरू नका. पावती व फोटो जपून ठेवा आणि दुरुस्तीची मागणी लेखी करा. दाद न मिळाल्यास २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

कारागीर बांधवांनो, गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी न्हाणीघरात गिझर बसवू नका. एका दिवसाची मजुरी बुडेल. पण त्या घरातली माणसे आपल्याकडे अमानत आहेत.