थांब म्हटले तरी संगणक का थांबत नाही?

शाळेतील संगणकावर लिनक्स आणि पायथन असेल, तर एक छोटा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. शून्यापासून सुरुवात करून ओळीने १०० कोटी संख्यांची बेरीज करायची. पायथनला हे काम दोन रीतींनी सांगता येते. पहिल्या रीतीत 'फॉर' वापरून एकेक संख्या घ्यायची आणि आधीच्या बेरजेत मिळवायची. दुसऱ्या रीतीत पायथनबरोबर तयार मिळणारे 'सम' हे फलन वापरून सगळे काम एका ओळीत उरकायचे. उत्तर अर्थातच एक येते.

आता काम चालू असतानाच कंट्रोल आणि सी या दोन कळा एकदम दाबा. पहिल्या रीतीत काम तत्क्षणी थांबते आणि पडद्यावर व्यत्यय आल्याचा संदेश उमटतो. दुसऱ्या रीतीत काहीच घडत नाही. दहा वेळा कळा दाबल्या तरी संगणक ढिम्म! यंत्राच्या वेगाप्रमाणे काही सेकंद ते मिनिटभर वाट पाहिल्यावर बेरीज पुरी होते, आणि मग उत्तर न छापताच तो व्यत्ययाचा संदेश देतो. म्हणजे आपले म्हणणे त्याला ऐकू आले होते. फक्त त्याने ते फार उशिरा मनावर घेतले.

आणखी एक प्रयोग. ९ चा ९ वा घात ३८ कोटी ७४ लाख २० हजार ४८९ इतका येतो. ही संख्या घातांक म्हणून घ्या आणि ९ चा तेवढा घात काढायला सांगा. उत्तर सुमारे ३७ कोटी अंकी असल्याने संगणक बराच वेळ गुंतून पडतो. तरीही येथे कंट्रोल-सी दाबल्यावर तो लवकरच थांबतो.

तीन कामे, तीन वागण्याच्या तऱ्हा. असे का व्हावे? उत्तरासाठी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात: 'सिग्नल' म्हणजे काय, आणि एकाच प्रोग्रॅममध्ये दोन भाषा कशा नांदतात.

सिग्नल म्हणजे काय?

संगणकाचा सगळा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. चालू असलेल्या प्रोग्रॅमला काही तातडीने कळवायचे असेल तर ती त्याला सिग्नल पाठवते. ही पद्धत युनिक्समधून आली. युनिक्सचे काम १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सुरू झाले, आणि १९९१ साली आलेल्या लिनक्सने हीच पद्धत उचलली. सिग्नलमध्ये मजकूर नसतो, असतो तो फक्त एक क्रमांक. कंट्रोल-सी दाबल्यावर जातो तो २ क्रमांकाचा सिगइंट, म्हणजे 'हातातले काम थांबव'. १५ क्रमांकाचा सिगटर्म म्हणजे 'आवरते घे'. ९ क्रमांकाचा सिगकिल मात्र निरोप नव्हेच. तो आला की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅम संपवूनच टाकते. तो अडवता येत नाही आणि त्याच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

बाकीच्या बहुतेक सिग्नलांसाठी प्रोग्रॅमला स्वतःची व्यवस्था करता येते. 'हा सिग्नल आला की माझे हे फलन चालव' असे आधी सांगून ठेवायचे. या फलनाला हँडलर म्हणतात. सिग्नल येताच ऑपरेटिंग सिस्टिम चालू काम जिथे असेल तिथे थांबवते, हँडलर चालवते आणि मग काम पुढे सुरू करते.

अडचण 'जिथे असेल तिथे' या शब्दांत आहे. समजा, प्रोग्रॅम स्मृतीचा एक तुकडा मागून घेत होता. कोणता तुकडा कोणाला दिला याची एक नोंदवही असते. दुसऱ्या कोणी मध्ये हात घालू नये म्हणून ती कुलूप लावून लिहिली जाते. नोंद अर्धी झाली असतानाच सिग्नल आला आणि हँडलरनेही स्मृती मागितली, तर? कुलूप उघडण्याची वाट हँडलर पाहणार. आणि ज्याने कुलूप लावले तो हँडलर संपण्याची वाट पाहणार. प्रोग्रॅम तिथेच अडकून पडतो. म्हणूनच युनिक्सच्या पॉझिक्स या प्रमाणकात हँडलरमध्ये काय केलेले चालेल याची यादीच दिली आहे. स्मृती मागणे किंवा सी भाषेतील नेहमीचे 'प्रिंटएफ' वापरणे त्या यादीत बसत नाही.

मग सुरक्षित काय? फक्त एक खूण करून ठेवायची आणि परतायचे.

शाळेत आपण हेच करतो. आपण फळ्यावर उदाहरण सोडवत असताना शिपाई सूचनावही घेऊन येतो. तो खडू हिसकावून घेत नाही. वही मेजावर ठेवून जातो. हातातली पायरी पुरी झाली की आपण वही उघडतो, सूचना वाचून दाखवतो आणि सही करतो. पायथनची रीत अगदी अशीच आहे. सिग्नल आला की पायथनचा आतला हँडलर फक्त खूण करतो. पायथन आपल्या सूचना एकामागून एक पार पाडत असतो. लूपची एक फेरी संपली किंवा नवे फलन सुरू झाले की तो खुणेकडे नजर टाकतो आणि खूण दिसली तर मगच खरी कारवाई करतो. दहा वेळा कळा दाबल्या तरी खूण एकच राहते, हेही यावरून लक्षात येईल.

एका वर्गात दोन शिक्षक

आता दुसरी गोष्ट. पायथन हा दुभाषी आहे. आपण लिहिलेली ओळ तो वाचतो, समजून घेतो आणि पार पाडतो. यात वेळ जातो. म्हणून जड कामे सी किंवा फॉर्ट्रानमध्ये लिहून पायथनला जोडलेली असतात. 'सम' हे फलन सी भाषेत लिहिलेले आहे. आम्ही संशोधक ज्या सारणी-गणितांवर विसंबून असतो त्यांच्या तळाशी तर १९९२ साली प्रसिद्ध झालेला लॅपॅक हा फॉर्ट्रान फलनांचा संच असतो. लिहिण्याची सोय पायथनची आणि वेग सी-फॉर्ट्रानचा, असा हा सौदा आहे.

सौद्याची किंमत आता दिसेल. पायथन 'सम'ला हाक मारतो तेव्हा वर्ग जणू पाहुण्या शिक्षकाच्या हाती जातो. शिपाई येतो, वही मेजावर ठेवतो. पण ती उघडणे हे आपले काम आहे असे पाहुण्याला वाटतच नाही. वही पाहणारे वर्गशिक्षक बाहेर थांबलेले असतात. तास संपतो, ते आत येतात, आणि तेव्हा कुठे सूचना वाचली जाते. दुसऱ्या प्रयोगात घडले ते हेच.

मग घाताच्या प्रयोगात काय वेगळे होते? मोठ्या संख्यांचा गुणाकारही पायथनच्या पोटात सी भाषेतच होतो. पण तो लिहिणाऱ्यांनी मधूनमधून खूण तपासण्याची सोय करून ठेवली आहे. हा पाहुणा शिक्षक दर थोड्या वेळाने मेजाकडे पाहतो. दोष सी भाषेचा नाही. खूण कोण तपासणार, हे दोन भाषांनी आपसात ठरवले आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

तीस सेकंदांचा प्रश्न

हा केवळ गैरसोयीचा मामला नाही. संशोधन संस्थांतील मोठे संगणक अनेकांनी वाटून वापरायचे असतात. वाटणी पाहण्यासाठी बऱ्याच ठिकाणी स्लर्म नावाची व्यवस्था असते. ठरलेली वेळ संपली की स्लर्म प्रोग्रॅमला सिगटर्म पाठवते. संगणक-चालकाने वेगळे ठरवले नसेल, तर त्यानंतर ३० सेकंदांनी सिगकिल येतो. ही ३० सेकंदे आवराआवरीसाठी असतात.

शहाणा संशोधक पायथनमध्ये हँडलर लिहून ठेवतो: सिगटर्म आला की आतापर्यंतची उत्तरे फाइलमध्ये साठव. त्याने पायथनमधून चाचणीही घेतलेली असते आणि ती नीट पार पडलेली असते. प्रत्यक्षात मात्र सिगटर्म येतो तेव्हा प्रोग्रॅम पाच मिनिटे चालणाऱ्या एखाद्या फॉर्ट्रान फलनात असतो. खूण होते. ती कोणी पाहत नाही. ३० सेकंदे उलटतात, सिगकिल येतो आणि तीन दिवसांचे गणित नाहीसे होते. हँडलर अचूक होता. त्याची पाळीच आली नाही.

यावर उपाय आहेत. सी भाषेतील भाग आपणच लिहीत असू तर खूण मधूनमधून तपासावी. त्यासाठी पायथनने सी-लेखकांना एक फलन दिलेले आहे, आणि संख्याशास्त्रातील आर या भाषेतही तशीच सोय आहे. प्रत्येक पायरीला तपासले तर वेग घटतो. काही हजार पायऱ्यांनी एकदा तपासणे पुरते.

आतला भाग दुसऱ्याचा असेल तर काम तुकड्यांत द्यावे. आपलेच उदाहरण घ्या. १०० कोटी संख्या एकदम देण्याऐवजी १० लाखांचे १००० तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला 'सम' लावा आणि पायथनच्या लूपमध्ये बेरजा मिळवा. वेग जवळपास तोच राहतो, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पायथनला मेजाकडे पाहायला सवड मिळते. कळा दाबताच काम थांबते.

तुकडे करता येत नसतील तर जड काम वेगळ्या प्रोग्रॅममध्ये चालवावे. मग मुख्य प्रोग्रॅम मोकळा राहतो. गरज पडली तर तो दुसऱ्याला बंद करतो आणि त्याने घेतलेली स्मृती ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते. सेज या गणिती प्रणालीत आणखी धाडसी मार्ग आहे: सिग्नल आला की सी भाषेतील कामातून थेट बाहेर उडी मारायची. परंतु उडी मारताना नोंदवही अर्धी राहणार नाही याची काळजी लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागते.

एक खुर्ची, दोन दावेदार

आणखी एक पेच आहे. प्रत्येक सिग्नलसाठी अख्ख्या प्रोग्रॅमला मिळून एकच हँडलर ठेवता येतो. सी भाषेतील एखाद्या संचाने सिगइंटसाठी स्वतःचा हँडलर बसवला, तर पायथनचा आपोआप उठतो आणि खूणच होईनाशी होते. शेवटी बसेल त्याची खुर्ची!

जावामध्ये हे जास्त गंभीर होते. चुकीच्या जागी स्मृती वाचली की ११ क्रमांकाचा सिगसेग्व्ही येतो. सी भाषेत हे बहुधा अपघाताचे लक्षण असते. जावा चालवणारे प्रचलित हॉटस्पॉट हे यंत्र मात्र हाच सिग्नल रोजच्या कामासाठी, रिकामा संदर्भ ओळखण्यासाठी, वापरते. जोडलेल्या सी संचाने तो हँडलर बदलला तर निरोगी प्रोग्रॅमही कोसळतो. म्हणून जावाबरोबर एक छोटा संच दिला जातो. तो दोन्ही हँडलरांची साखळी लावतो: सिग्नल आधी जावाने पाहायचा आणि आपला नसेल तर पुढे द्यायचा.

सिगसेग्व्हीसारख्या सिग्नलांना 'खूण करून परत जा' हा नियम लागू पडत नाही, हेही येथे सांगायला हवे. परत गेलो की तीच चुकीची सूचना पुन्हा चालते आणि तोच सिग्नल पुन्हा येतो. बाहेरून आलेला निरोप थोडा थांबू शकतो, पण हातून झालेला अपघात थांबत नाही. म्हणून २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून अशा वेळी प्रोग्रॅम कोठे होता एवढे छापून तो संपू देण्याची वेगळी सोय आहे.

वर्गात हे प्रयोग करताना मुलांना कळा दाबण्यापूर्वी अंदाज सांगायला लावावा. तीन प्रयोग झाले की एक चौथा द्यावा. 'सम' तेच ठेवायचे. पण प्रत्येक संख्या आधी आपण पायथनमध्ये लिहिलेल्या छोट्या फलनातून जाऊ द्यायची, मग ते फलन संख्या जशीच्या तशी परत देणारे का असेना. आता कंट्रोल-सी चालेल का? चालेल, कारण दर संख्येगणिक वर्ग क्षणभर पायथनच्या हाती येतो. पण बेरजेला लागणारा वेळही त्यामुळे बराच वाढलेला दिसेल. किती वाढला, हे मुलांनी घड्याळ लावून मोजावे, आणि मग १० लाखांच्या तुकड्यांची युक्ती त्याच्या शेजारी ठेवून पाहावी.