तळेगावची तीन वर्षं
(लेखमाला ‘कारखान्यांचं शहर’, भाग ७)

जनरल मोटर्सने पुण्याजवळच्या तळेगावचा कारखाना सुरू केला तो २००८ च्या सप्टेंबरात. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. त्या मंदीतून कारखाना तरला. २०१७ मध्ये मात्र कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि तळेगाव केवळ निर्यातीसाठी चालू ठेवलं. मावळातल्या घरांचा पगार मेक्सिकोतल्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहिला. २०२० च्या डिसेंबरात उत्पादन बंद पडलं.

शहरात बाहेरून पैसा आणणारे उद्योग कोणते आणि तो पैसा आत फिरवणारे धंदे कोणते, हे मागच्या भागात पाहिलं. आज बाहेरचा ओघ आटला की काय होतं ते पाहू.

मुंढव्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट आणि ॲक्सल बीम अमेरिकेतल्या अवजड ट्रकांसाठी जातात. मंदीत तिथला वाहतूकदार जुनाच ट्रक आणखी दोन वर्षं दामटतो. मालवाहतूक थोडीशीच घटते, नव्या ट्रकांची मागणी मात्र कोसळते. ट्रक बनवणारे आधी गोदामातला साठा संपवतात, म्हणून सुट्या भागांच्या ऑर्डरी त्याहून खाली जातात. साखळीत जो जितका मागे, त्याला धक्का तितका मोठा. मोठी कंपनी ओव्हरटाइम बंद करते, कंत्राटी कामगार कमी करते आणि तग धरते. भोसरीतल्या जॉबवर्कवाल्याकडे कमी करायला फारसं काही नसतं. मशीनचा हप्ता दरमहा भरावाच लागतो.

खरं नुकसान यानंतर होतं. ऑपरेटर खोली सोडून लातूरला, बीडला, बिहारला परततो. खानावळीचे डबे घटतात, मालक मशीन विकतो. वर्षा-दीड वर्षाने ऑर्डरी परततात, तेव्हा त्या पुऱ्या करणारे हातच शहरात नसतात. मग काम दुसरीकडे जातं आणि तिथेच राहतं. धक्का तात्पुरता असला तरी त्यामुळे आलेलं आकुंचन कायमचं होतं, ते असं. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये साडेसहा लाखांहूनही कमी. तिथे वर्णभेद आणि उपनगरांकडची धाव हीही मोठी कारणं होती, पण कारखाने हलल्यावर सावरायला दुसरा आधार नव्हता.

पुण्याला विद्यापीठ आहे, खडकीचे संरक्षण कारखाने आहेत, हिंजवडीच्या आयटी कंपन्या आहेत. म्हणून पुणं आटत नाही, असं सांगितलं जातं. हे मला अर्धंच पटतं. हिंजवडीची बिलंही बव्हंशी परदेशातच चुकती होतात. म्हणजे मोटारी आणि संगणक या दोन्हींचं गिऱ्हाईक एकाच वेळी हात आखडू शकतं. शिवाय कामगार गावी परततो तेव्हा मंदीचा भार त्याचं गाव उचलतं, आणि शहराच्या आकड्यांत तो भार दिसतच नाही.

तळेगावचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ च्या ऑगस्टमध्ये केला. जागेला नवा मालक मिळाला. मधल्या काळात जुन्या कामगारांची संघटना न्यायालयात लढत होती.

(पुढील भागात : २००७ मध्ये आकुर्डीत बजाजचं उत्पादन का थांबलं?)