मार्गळीतला विठ्ठल

चेन्नईत डिसेंबरात तमिळ मार्गळी महिना आला की सभागृहांत कच्चेऱ्या, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफली, रंगू लागतात. या हंगामाचं मूळ 1927च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनासोबत भरलेल्या संगीत परिषदेत आहे. तिच्यातूनच 1928 साली म्युझिक अकॅडमी उभी राहिली.

या मैफली ऐकून मन हलकं का होतं? इथला श्रोता नुसता बसत नाही, मांडीवर ताल धरतो. मृदंगवादक 'कोरवै' ही तालरचना सहसा तीनदा वाजवतो, आपल्या तिहाईसारखी. ती ठरल्या जागी येईपर्यंत सगळे श्वास रोखून असतात. आली की माना डोलतात. आवडत्या संगीतात अशा जागेची वाट पाहतानाही मेंदूत डोपामिन स्रवतं, हे माँट्रियलच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं. संगीत आवडतं मात्र हवं. औषधासारखा गिळलेला राग काही करील, असं मला वाटत नाही.

मोठा राग संपला की शेवटाकडे तिल्लाना, भजन आणि चक्क मराठी अभंग! मुंबईत वाढलेल्या गायिका अरुणा साईराम यांनी तो इथे लोकप्रिय केला. मराठीचा गंध नसलेले चेन्नईतले मैलापूरकरही 'विठ्ठल' ऐकताच टाळ्यांचा ठेका धरतात.