माहितीचा अधिकार व व्यक्तिगत माहिती

शासन व सार्वजनिक प्राधिकरणे यांच्या ताब्यातील अभिलेख पाहण्याचा, त्यांची टिपणे वा प्रमाणित प्रती घेण्याचा नागरिकांचा विधिमान्य हक्क म्हणजे माहितीचा अधिकार होय. ह्या अभिलेखांत व्यक्तींचा तपशीलही असतो; त्यामुळे खाजगीपणाच्या हक्काशी त्याची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न सतत उद्भवतो.

स्वीडनने १७६६ मध्येच शासकीय कागदपत्रे नागरिकांना खुली केली. भारतात मात्र शासकीय गुपिते अधिनियमाचा (१९२३) प्रभाव स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राज नारायण (१९७५) ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लोकांचा जाणण्याचा हक्क मान्य केला. परंतु त्यासाठी कायद्याची मागणी खरी रेटली ती राजस्थानातील श्रमिकांनी. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून भरविलेल्या जनसुनावण्यांत सरकारी कामांचे हजेरीपट व देयके गावासमोर वाचण्यात आली आणि मृत वा कामावर न आलेल्या व्यक्तींच्या नावे मजुरी उचलल्याचे उघड झाले. हजेरीपटावरील नावे हाच तेथे पुरावा होता.

तमिळनाडू व गोवा (१९९७), महाराष्ट्र (२००२) इ. राज्यांच्या कायद्यांनंतर संसदेचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अंमलात आला. माहिती सामान्यतः ३० दिवसांत द्यावी लागते. मूळ कलम ८(१)(ञ) नुसार सार्वजनिक कार्याशी वा हिताशी संबंध नसलेली, किंवा खाजगीपणावर अनुचित आक्रमण करणारी व्यक्तिगत माहिती नाकारता येई. मात्र व्यापक सार्वजनिक हित असल्यास तीही द्यावी लागे. रुग्णाचा आजार व कंत्राटदाराचे देयक यांत भेद करण्याची कसोटी त्यामुळे कलमातच होती.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये दिला. त्यानंतरच्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाने (२०२३) वरील कलमातील सर्व अटी गाळून केवळ ‘व्यक्तिगत माहिती’ एवढाच अपवाद ठेवला. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. खाजगीपणाच्या रक्षणासाठी तो आवश्यक होता, असे म्हणणे कठीण आहे. कारण मूळ कलमात ते रक्षण होतेच. हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये अद्याप आहे. परंतु ते हित तोलण्याचे काम आता प्राधिकरणाच्या इच्छेवर बरेचसे अवलंबून राहते. अनुदानाच्या लाभार्थींचा तपशील व अधिकाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कलम ४ मधील बंधन मात्र कायम आहे.