सीआयडीची एक थप्पड

मुलांनो, एसीपी प्रद्युमन बोटं गोल फिरवतात आणि दया दार तोडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको! पण या मालिकेचं एक मूळ मराठीत आहे, हे ठाऊक आहे का? दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनी आधी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलिसी मालिका केली होती. नाव पोलिसांच्या १०० या फोन क्रमांकावरून. त्यातही शिवाजी साटम होतेच. हे साटम मूळचे बँकेत नोकरी करणारे, बरं का!

२१ जानेवारी १९९८ ला सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत तिचे १५४७ भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा आली. २००४ साली तर १११ मिनिटांचा एक अख्खा भाग एकही कट न घेता चित्रित केला. एक जण वाक्य विसरला की सगळं पहिल्यापासून!

एवढी वर्षं लोक फक्त खुनी कोण हे बघायला बसले नाहीत. अभिजीतची हरवलेली स्मृती, त्याची नि दयाची मैत्री, एसीपी आणि डॉ. साळुंखे यांची नोकझोक, हे सारं घरातलं वाटतं. एसीपींचा मुलगा नकुल गुन्हेगार निघतो आणि बापाच्याच गोळीनं मरतो. तरीही हा माणूस कामावर हजर! मला विचाराल तर तो धागा शंभर दारं तोडण्यापेक्षा भारी आहे.

आता खरं काय, तेही बघू. डॉ. साळुंखे घटकाभरात अहवाल देतात. खऱ्या तपासात नमुने सीलबंद होतात, कोणी कोणाकडे दिले याची नोंद होते, मग ते कलिन्यासारख्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तिथे रांग असते. अहवालाला कधी आठवडे, कधी महिने लागतात.

आणि ती थप्पड! दयाचा हात बसला की आरोपी घडाघडा बोलतो. मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गात हाच खेळ चालतो. चोर झालेला बिचारा गाल धरून ‘हो, मीच केलं’ म्हणतो. न केलेलंही कबूल करतो, कारण मार चुकवायचा असतो. मोठी माणसंसुद्धा हेच करतात. म्हणून तर १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ तेच सांगतं. मात्र कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून चाकू, दागिना असं काही सापडलं, तर तेवढी माहिती पुराव्यात येते. शिवाय अटक केलेल्याला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं. हे आपल्या संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे.

हे वर्गात सांगितल्यावर खेळात मॅजिस्ट्रेट आले. पण मॅजिस्ट्रेट व्हायला कोणी तयारच होईना. का, तर त्याला पळायला मिळत नाही!