घाम खारट म्हणजे अंगात मीठ जास्त?

उन्हातून आल्यावर शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ दिसले की किडनीच्या रुग्णाच्या घरात कुणीतरी म्हणतंच, ‘बघा, अंगात मीठ किती साठलंय!’ आता घामातलं सोडियम मोजणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत. त्या मुळात खेळाडूंसाठी आहेत. पण दंडाला पट्टी चिकटवून काम भागत असेल तर मीठ किती खाल्लं ते मोजायला दिवसभर लघवी गोळा करायची कशाला, असं रुग्णाला वाटणं स्वाभाविक आहे.

तरी ती गोळा करावीच लागते. घामग्रंथीच्या तळाशी तयार होणारा घाम जवळपास रक्तद्रवाइतकाच खारट असतो. नळीतून त्वचेवर येईपर्यंत त्यातलं बरंचसं सोडियम परत शोषलं जातं. घाम भराभर सुटला तर शोषायला वेळ मिळत नाही आणि तो जास्त खारट निघतो. उन्हाची सवय झाली की आल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने तोच घाम अळणी होत जातो. म्हणून धडधाकट माणसांतही घामातलं सोडियम लिटरला साधारण 20 ते 80 मिलिमोल असं कुठेही असू शकतं. त्यात किडनीच्या काही रुग्णांना आल्डोस्टेरॉनचं काम अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी सुरू असते. एवढ्या कारणांनी हलणाऱ्या आकड्यावरून ताटातल्या मिठाचा अंदाज बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘पण घामाची चाचणी तर दवाखान्यात करतात!’ करतात, पण सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी. गिब्सन आणि कुक यांनी 1959 मध्ये तिची पद्धत बसवली. त्यात सोडियमपेक्षा क्लोराइडला महत्त्व असतं. किडनीच्या रुग्णाने खाल्लेल्या मिठाशी तिचा संबंध नाही.

दुसरा समज जास्त फसवा आहे : रक्तातलं सोडियम 140 आलं, म्हणजे मीठ बेताचंच आहे. तो आकडा मीठ आणि पाणी यांचं प्रमाण सांगतो. मिठाबरोबर पाणीही साठलं तर पायाला सूज असताना, रक्तदाब चढलेला असताना रिपोर्ट नॉर्मल येतो.

खाल्लेल्या सोडियमचा सुमारे नव्वद टक्के भाग लघवीतून जातो, म्हणून 24 तासांची लघवी मोजतात. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, नंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिलीसुद्धा. 17 मिलिमोल सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. रिपोर्टमध्ये 170 आलं, तर दिवसाला निदान 10 ग्रॅम मीठ पोटात गेलं. किडनीच्या बहुतेक रुग्णांना सांगितलेली मर्यादा 5 ग्रॅमच्या आत आहे. रोजचं खाणं सारखं नसतं, त्यामुळे ही चाचणी अधूनमधून पुन्हा करणं चांगलं. फार घाम गाळलेल्या दिवशी मात्र ती करू नये, आकडा कमी दिसतो.

‘शेतात घाम गाळतो, मग लोणचं-पापड चालेल’ हेही खरं नाही. लिटरभर घामात साधारण दोन-अडीच ग्रॅम मीठ जातं, पण त्या मानाने पाणी फार जास्त जातं आणि आधीच थकलेल्या किडनीला कोरड सोसत नाही. उन्हातलं काम असेल तर पाणी किती प्यायचं, मूत्रल गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावं.

सैंधव घेऊन सुटका होत नाही, तेही सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी ते बाहेर टाकू शकली नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हा किडनीच्या रुग्णांना त्यातून वगळलं आहे.