फ्रोझन डाएट डबा: ऑफिसच्या लंचला चालतो का, आणि तुम्ही तो विकावा का?

गेले काही महिने दुकानाच्या काउंटरवरही आणि बॅचमध्येही एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, फ्रोझन डाएट मील सुरू करू का? ऑफिसवाल्यांना हेल्दी लंच हवाय, घरी डीप फ्रीजर घेतो आणि सुरू करतो." विचारणाऱ्यांमध्ये बाभई, शिंपोली, चिकूवाडीच्या गृहिणी आहेत, तसेच नोकरी सोडायच्या बेतात असलेले तरुणही आहेत. मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी विचारतो, तुमच्या गिऱ्हाईकाने तो डबा रोज खाल्ला तर त्याचं भलं होईल का? याचं उत्तर माहीत नसेल तर फ्रीजरच्या कोटेशनला घाई करू नका.

पहिला गैरसमज म्हणजे फ्रोझन म्हणजे शिळं, म्हणजे वाईट. तसं नाही. उणे १८ अंशाला किंवा त्याखाली ठेवलेल्या अन्नात जंतू वाढत नाहीत. मरत नाहीत बरं का, फक्त थांबतात. अन्न वितळलं की पुन्हा कामाला लागतात. भाजी गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढताना थोडं क जीवनसत्त्व जातं, पण डाळीतली प्रथिनं आणि भाजीतला चोथा जिथल्या तिथे राहतो. फ्रोझन मटार आपण सगळेच खातो, त्यात काही वावगं नाही. खरा प्रश्न गोठवण्याच्या आधी काय घातलं आणि नंतर डबा कुठून कुठे गेला हा आहे.

आधी मिठाचं बघू, कारण सगळा खेळ तिथेच आहे. दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, म्हणजेच २००० मिलिग्रॅम सोडियम. आपल्याकडे पाकिटावर टक्केवारी छापतात तीही याच आकड्यावरून. आता समजा दुकानातल्या एखाद्या 'डाएट' बॉक्सवर १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि बॉक्स ३०० ग्रॅमचा आहे. म्हणजे १०५० मिलिग्रॅम. दिवसाचं अर्ध्याहून जास्त मीठ एका जेवणात संपलं, आणि सकाळचे पोहे, चारचा चहा-खारी, रात्रीचं जेवण अजून बाकी आहे! कॅलरी कमी दिसतात म्हणून माणूस खूश होतो आणि मागची बारीक अक्षरं वाचतच नाही. बीपीच्या माणसाला हा डबा हेल्दी नाही, पुढे कितीही हिरवं पान छापलेलं असो.

तुम्ही घरी करणार असाल तर हिशोब सोपा आहे. एक किलो तयार मटकीच्या उसळीत एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ घातलं, तर १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅम सोडियम येतं. अडीचशे ग्रॅमच्या वाटीत ५००. हे चांगलं आहे. पण तरीही त्यावर 'लो सोडियम' लिहिता येत नाही, कारण २०१८ च्या जाहिराती आणि दाव्यांबद्दलच्या नियमांत त्यासाठी १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. 'लो फॅट'चंही तसंच, १०० ग्रॅमला जास्तीत जास्त ३ ग्रॅम. एक किलो भाजीला दोन मोठे चमचे तेल घातलं तर तुम्ही कसेबसे आत बसता. वर मूठभर शेंगदाण्याचं कूट टाकलं की बाहेर! आणि 'शुगर बरी करणारा डबा' वगैरे इन्स्टावर टाकायची हौस असेल तर ती आजच सोडा. अन्न विकताना रोग बरा करण्याचा दावा कायद्याने चालत नाही.

दुसरी गोष्ट पोट भरण्याची. ही कुणी बोलत नाही. २८० कॅलरीचा डाएट बॉक्स दुपारी एकला खाल्लेला माणूस चार वाजता काय करतो? खाली उतरून वडापाव खातो. त्या एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात. म्हणजे डाएट गेलं कुठे? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, म्हणजे हैदराबादच्या एनआयएनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाच्या ताटात निम्मा भाग भाजी-फळांचा धरलाय, आणि धान्यातून येणाऱ्या कॅलरी ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असं म्हटलंय. बाजारातला फ्रोझन पुलाव किंवा पास्ता उघडून बघा. भाजी किती आणि भात-मैदा किती, डोळ्यांनीच कळतं. जास्त उसळ, जास्त भाजी, थोडी पोळी असा डबा दिलात तर गिऱ्हाईक चारला खाली उतरणार नाही, आणि सोमवारी परत तुमच्याकडेच येईल.

आता प्रवास. आपल्या बोरीवलीचा माणूस सव्वाआठची फास्ट पकडतो. चर्चगेटला उतरून ऑफिसात पोचेपर्यंत साडेनऊ-दहा. जेवण एकला. ऑफिसात फ्रिज असेल आणि डबा पोचल्या पोचल्या आत गेला तर ठीक. नसेल तर फ्रोझन डबा बॅगेत वितळतो आणि मुंबईच्या उकाड्यात तासन् तास तसाच पडतो. ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान जंतूंना सगळ्यात आवडतं. तिथे शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं सांगतात, आणि कडक उन्हाळ्यात तासभरच. विशेषतः भात. मग तो थोडा गरम करून खाल्ला, मायक्रोवेव्हमध्ये कडेने कढत आणि मधे थंड राहिला, की पोट बिघडायला निमित्त मिळालंच.

इथे कुणीतरी म्हणेल, मग आपला रोजचा डबाही बाहेरच असतो ना? बरोबर. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये मुंबईत डबे पोचवायची सेवा सुरू केली, तेव्हापासून मावळ-मुळशी-खेडकडचे डबेवाले घरचं जेवण वेळेत पोचवतायत. तो डबा सकाळी शिजतो आणि दुपारी संपतो. त्यात कोरडी भाजी, पोळी, फार तर आमटी. म्हणजे इतक्या वर्षांत मेनू आणि वेळ दोन्ही प्रवासाला जुळवून घेतलंय. फ्रोझन डब्याला अजून तशी वाट नाही, ती तुम्हाला आखावी लागेल.

म्हणूनच माझं मत सांगतो. बीकेसी किंवा गोरेगाव-मालाडच्या मोठ्या ऑफिसात, जिथे पॅन्ट्रीत फ्रिज आणि मायक्रोवेव्ह दोन्ही आहेत, तिथे चांगला बनवलेला फ्रोझन डबा आठवड्यातून दोन-तीनदा अगदी चालेल. फिरतीच्या माणसाला, साइटवरच्या इंजिनिअरला, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हला नाही. त्यांना ताजी पोळीभाजीच द्या. आपल्या भागात पोळीभाजी केंद्रं उगाच चालत नाहीत.

धंदा करायचाच असेल तर पूर्ण ताट गोठवू नका. काकडी, कोशिंबीर, दही गोठवून खराब होतं, बटाटा भुसभुशीत होतो, पनीर रबरासारखं होतं. राजमा, छोले, मटकी, दाट डाळ, दुधी-चणाडाळ छान टिकतात. मी बॅचमध्ये सांगतो की फक्त उसळ-भाजीचे २५० ग्रॅमचे पाऊच विका. पोळी गिऱ्हाईकाच्या घरची, सॅलड त्याचं त्यानं कापावं. त्यात गिऱ्हाईकाचंही भलं आणि तुमचाही कच्चा माल वाया जात नाही.

आणि डीप फ्रीजरबद्दल एक. दुकानात आइसक्रीम ठेवतो तो फ्रीजर आधीच थंड असलेला माल थंड ठेवायला असतो, गरम उसळ गोठवायला नाही. गरम भांडी आत ढकललीत तर शेजारचा मालही वितळतो, आणि हळूहळू गोठल्यामुळे बर्फाचे मोठे खडे होऊन भाजी गचगचीत होते. शिजवलेलं उथळ ट्रेमध्ये झटकन गार करा, फ्रिजमध्ये थंड करा, पातळ पाऊचमध्ये भरा, मग एकेक थर मोकळा ठेवून गोठवा. आत थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहा. लाइट गेली तर झाकण उघडू नका. एकदा वितळलेला पाऊच परत गोठवून विकायचा नाही, नुकसान झालं तरी चालेल.

कागदपत्रांत पळवाट शोधू नका. एफएसएसएआयची नोंदणी फोस्कोसच्या पोर्टलवर करा. तुमचा १४ आकडी नंबर, बनवल्याची आणि वापरायची तारीख, शाकाहाराची खूण, शेंगदाणे-दूध-गहू असेल तर तसा उल्लेख, आणि 'उणे १८ अंशाला ठेवा, वितळल्यावर पुन्हा गोठवू नका' हे मराठीत आणि इंग्रजीत छापा. पोषणाचे आकडे अंदाजाने लिहू नका, एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून एकेका पदार्थाची तपासणी करून घ्या. खर्च येतो, म्हणूनच सुरुवातीला बारा पदार्थ नकोत, तीनच ठेवा.

पुढच्या व्हिडिओत याच तीन पदार्थांचं कॉस्टिंग करू. गॅस, पाऊच, लॅब, फ्रीजरचं वीज बिल सगळं धरून. येताना तुमच्या घरातल्या एखाद्या फ्रोझन पाकिटाची मागची बाजू वाचून, सोडियमचा आकडा लिहून आणा.